कॅम्पर व्हॅनची प्रोपेन टाकी भरणं

कॅम्पर व्हॅनमधला स्टोव्ह, हीटर, गीझर आणि बऱ्याचदा फ्रिजसुद्धा ज्या गॅसवर चालतो तो प्रोपेन पंपावर जाऊन दाबाखाली, द्रवरूपात भरून घ्यावा लागतो. बऱ्याच ठिकाणी हे काम ट्रेनिंग घेतलेला माणूसच करतो, काही ठिकाणी स्वतः भरता येतं, पण नळी कोणाच्याही हातात असो, गाडीच्या आत काय चालू आहे आणि काय बंद आहे हे गाडीवाल्यालाच माहीत असतं.

टाक्या दोन तऱ्हेच्या. एक गाडीच्या खाली कायमची बसवलेली आडवी टाकी, तिच्यासाठी अख्खी गाडी पंपावर न्यावी लागते. दुसरा सुटा उभा सिलिंडर, तो काढून नेता येतो आणि वजनकाट्यावर ठेवून भरता येतो, त्याचं रिकामं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं. उभ्यासाठी बनवलेला सिलिंडर आडवा टाकून भरायचा किंवा वापरायचा नाही, कारण मग वरच्या वाफेच्या जागी द्रव येतो आणि तोच पुढे रेग्युलेटरमध्ये घुसतो.

प्रोपेन उणे ४२ डिग्रीला उकळतो, ब्युटेन जेमतेम शून्याच्या खाली, म्हणून थंडीत फिरणारे प्रोपेनच घेतात. टाकीतला दाब २० डिग्रीला हवेच्या साधारण आठपट असतो आणि ४० डिग्रीला तेरा-चौदापट होतो. गंमत म्हणजे हा दाब तापमानावर ठरतो, गॅस किती उरलाय त्यावर नाही, त्यामुळे आत थोडासा द्रव असेपर्यंत दाबाचा काटा जवळपास तेच दाखवत राहतो आणि नवखा माणूस फसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाकी फुल म्हणजे ८० टक्के, त्याच्या वर नाही. प्रोपेनचा द्रव तापला की पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो, १५ डिग्रीचा ५० डिग्रीला गेला तर साधारण आठव्या भागाने वाढतो, आणि वर जागाच नसेल तर दाब एकदम चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस बाहेर फेकला जातो. म्हणून १०० लिटरच्या टाकीत ८० लिटर, म्हणजे साधारण ४० किलो. "अजून थोडा बसेल की" असं म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकायचं नाही. हे ८० टक्के सांभाळायला बऱ्याच टाक्यांत आत फ्लोट, म्हणजे द्रवावर तरंगणारा भाग असतो, तो पातळी आली की भरणं थांबवतो, पण फ्लोट अडकूही शकतो. म्हणून बऱ्याच टाक्यांना एक बारीक स्क्रू पण असतो. तो भरताना ढिला ठेवतात, आधी त्यातून नुसती वाफ येते आणि पातळी ८० ला पोचली की द्रवाचा पांढरा फवारा दिसतो, दिसला की लगेच बंद. गाडी तिरकी उभी असेल तर फ्लोट आणि स्क्रू दोन्ही चुकीचं सांगतात, त्यामुळे सपाट जागा बघायची.

भरायच्या आधी इंजिन बंद, स्टोव्ह बंद, हीटर-गीझर बंद. फ्रिज मात्र हमखास विसरला जातो, कारण तो आपला आपणच पेटतो आणि विझतो, बाहेरून काही कळत नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, सांडला तर वर उडून जात नाही, खाली साचतो आणि फटीतून आत शिरतो, म्हणून खिडक्या-दारं लावायची आणि माणसं, कुत्री-मांजरी सगळी बाहेर. हातात ग्लोव्हज पाहिजेत, उडालेला द्रव कातडीवर पडला तर थंडीने जखम होते. नळी काढताना फस्स करून थोडा गॅस सुटतो, ते नॉर्मल आहे. सुटतच राहिला तर नाही. युरोपात नळीचं तोंड देशागणिक वेगळं असतं, त्यामुळे तिकडे फिरणारे अडॅप्टर बाळगतात.

भरून झाल्यावर व्हॉल्व्ह हळू उघडायचा. झटक्यात उघडला तर जास्त प्रवाह अडवणारा दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह बंद होतो आणि स्टोव्ह मिणमिणता पेटतो, मग लोकांना वाटतं टाकी भरलीच नाही. बंद करून थोडं थांबायचं आणि परत हळू उघडायचं. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, काडी पेटवून कधीच नाही. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो, कुजक्या अंड्यांसारखा जो वास येतो तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा. हे मर्कॅप्टन द्रवातून सावकाश निघतं, म्हणून टाकी संपत आली की वास जास्त येतो, तेव्हा दर वेळी गळती असेलच असं नाही, पण तपासायचं मात्र दर वेळी.

नवी कोरी टाकी असेल तर थेट भरता येत नाही, आतली हवा आणि ओल आधी प्रोपेनच्या वाफेने बाहेर काढावी लागते, हे पंपवाल्याला आधीच सांगून ठेवायचं.