एक शब्द की दोन? इंग्रजीतल्या अनेकार्थी शब्दांची पार्श्वभूमी

‘बॅट’ म्हणजे वटवाघूळ आणि चेंडू टोलवायची बॅटही. चांगल्या इंग्रजी कोशात या दोन स्वतंत्र नोंदी असतात, शब्दाच्या खांद्यावर बारीक १ आणि २ घातलेल्या. ‘क्रेन’ मात्र क्रौंच पक्षी असो की ओझी उचलणारे यंत्र, एकाच नोंदीत बसते. लांब मानेमुळे पक्ष्याचे नाव यंत्राला मिळाले. अर्थ किती लांबचे आहेत, यावर हा भेद ठरत नाही. तो उगमावर ठरतो.

पहिल्या प्रकारात मुळात निराळे शब्द झिजून एकसारखे झाले. जुन्या इंग्रजीवर व्हायकिंगांची नॉर्स चढली, १०६६ नंतर नॉर्मनांची फ्रेंच आली, दरम्यान शब्दांचे प्रत्यय गळत गेले. ‘साउंड’मध्ये हा सगळा गाळ दिसतो. आवाज या अर्थाचा शब्द लॅटिन ‘सोनुस’पासून फ्रेंचमार्गे आला आणि त्याचा शेवटचा ‘ड’ नंतर चिकटला. धडधाकट या अर्थाचा ‘साउंड’ जुन्या इंग्रजीतल्या ‘गेसुंड’पासून. सामुद्रधुनी या अर्थाचा ‘सुंड’पासून. पाण्याची खोली मोजणे या अर्थाचा पुन्हा फ्रेंचमधून, पण वेगळ्याच क्रियापदापासून.

‘लेट’ची गंमत त्याहून मोठी (उशिराचा ‘लेट’ नव्हे, त्याचे स्पेलिंगच वेगळे). जुन्या इंग्रजीत ‘लॅतान’ म्हणजे होऊ देणे आणि ‘लेत्तान’ म्हणजे अडवणे, अशी दोन क्रियापदे एका रूपात येऊन मिळाली. उलट अर्थाचे शब्द एकाच तोंडी नांदणे कठीण. अडवणारा ‘लेट’ मागे पडला. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून योग्य चौकटीत पडली की ती ‘लेट’ ठरते, तो हाच.

दुसऱ्या प्रकारात शब्द एकच, अर्थ मात्र पायरीपायरीने सरकतो. ‘बोर्ड’ म्हणजे फळी. फळीचे जेवायचे मेज. मेजावरचे जेवण, म्हणून ‘बोर्डिंग’. आणि मेजाभोवती बसणारे मंडळ. ‘फास्ट’ म्हणजे आधी घट्ट. पक्क्या रंगाला आजही ‘फास्ट’ म्हणतात. घट्टपणावरून जोर, जोरावरून वेग. उपवासाचा ‘फास्ट’ही नियम घट्ट धरण्यातूनच आला.

सर्वांत जास्त पसरतात ती छोटी क्रियापदे, कारण ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’ जोडले की दर वेळी नवा अर्थ निघतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४०० हून अधिक अर्थ होते. पुढच्या सुधारणेत ‘रन’ने त्याला मागे टाकले.

कोश पाहताना फसगत होते ती क्रमामुळे. ऑक्सफर्डचा मोठा कोश ऐतिहासिक आहे, तो सर्वांत जुना अर्थ आधी देतो. विद्यार्थ्यांसाठीचे कोश सहसा सर्वांत वापरातला. ऐतिहासिक कोशात ‘नाइस’ उघडून पहिलाच अर्थ उचलला, तर हाती ‘मूर्ख’ लागेल.