बिअर बिघडणे (घरगुती घाणा)

घरी आंबवलेल्या बिअरमध्ये आपण घातलेल्या यीस्टखेरीज इतर जिवाणू किंवा रानटी यीस्ट शिरून तिची चव, वास व रूप बदलणे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि बिअरही त्यात येते, हे मुंबईकर वाचकाने आधी लक्षात घ्यावे.

बिअर बिघडते ती सूक्ष्मजीवांमुळे, हे लुई पाश्चरने १८७६ च्या बिअरवरील ग्रंथात मांडले. १८८३ मध्ये डॅनिश संशोधक एमिल हान्सेनने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. गंमत अशी की, कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेनने १९०४ मध्ये इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरची खास चव ज्या यीस्टमुळे येते ते शोधून त्याला ‘ब्रेटानोमायसेस’, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. बेल्जियमची लाम्बिक ही आंबट बिअर तर हवेतल्या व पिंपांतल्या जंतूंवरच आंबते. तेव्हा बिघाड म्हणजे मुख्यतः नको असलेल्या ठिकाणी झालेले विरजण.

नवशिक्याला दिसलेला बिघाड पुष्कळदा बिघाड नसतो. पहिल्या दिवसांत वर येणारा तपकिरी, घाणेरडा दिसणारा फेस यीस्टचाच असतो. तरंगणारे पांढरे ठिपकेही बहुधा यीस्टचे पुंजके असतात. लोण्यासारखा वास डायअ‍ॅसिटिलचा, म्हणजे आंबताना यीस्टकडून तयार होणाऱ्या एका द्रव्याचा. यीस्टवर आणखी काही दिवस ठेवल्यास तो बहुतेक वेळा जातो. कच्च्या सफरचंदाचा वास म्हणजे आंबणे अजून पुरे झालेले नाही. नेलपॉलिशसारखा भपका आला तर मुंबईत आधी उकाड्यावर संशय घ्यावा: एल (कोमट तापमानाला आंबणारी बिअर) जातीच्या बहुतेक यीस्टला १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवते, खोली मात्र मे महिन्यात तिशीच्या पुढे असते आणि आंबण्याची उष्णता त्यात आणखी भर घालते. डेटॉलसारखा वास आला तर बहुधा क्लोरीन आणि माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या जवातली) फिनॉल नावाची द्रव्ये यांची गाठ पडलेली असते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उकळताना बराचसा उडतो, पण मागाहून घातलेल्या न उकळलेल्या पाण्यातून किंवा नीट न विसळलेल्या ब्लीचमधून तो परत येतो.

खरी लागण ओळखण्याच्या खुणा वेगळ्या. दुधावरच्या सायीसारखा पातळ, सुरकुतलेला पापुद्रा धरतो. त्यात कधी मोठे बुडबुडे अडकलेले दिसतात. लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू बिअर आंबट करतो. दह्याची भांडी शेजारी असली की घाणा जातो अशी भीती घालतात, पण दह्यातले जंतू सहसा हॉप्सपुढे (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांपुढे) टिकत नाहीत. बिअर नासवणाऱ्या जाती हॉप्सला सरावलेल्या असतात. पेडिओकॉकस या जिवाणूमुळे बिअर तार धरते, शिवाय लोण्याचा वास येतो. व्हिनेगरची चव ॲसिटोबॅक्टर या जिवाणूची. त्याला प्राणवायू लागतो आणि चिलटे त्याची वाहक असतात, म्हणून घरात आंब्याची अढी असताना झाकण उघडून डोकावणे महागात पडते. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर येते तशी केसाळ, हिरवी-काळी बुरशी वर दिसली तर चव घेत बसू नये, घाणा ओतून द्यावा.

बुरशीचा अपवाद सोडल्यास आंबट झालेली बिअर सहसा विषारी नसते. पूर्ण आंबलेल्या बिअरमधला अल्कोहोल, आम्लता व हॉप्स यांत रोगजंतू वाढत नाहीत. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे दगावली ती मिथेनॉल मिसळलेल्या गावठी दारूमुळे. जंतूंच्या लागणीशी त्याचा संबंध नव्हता. तो धसका बिअरला चिकटवण्याचे कारण नाही.

खरा धोका बाटलीत आहे. रानटी यीस्ट व काही जिवाणू नेहमीच्या यीस्टने न खाता सोडलेली डेक्स्ट्रिने (पिठूळ शर्करा) ही खातात. घनता (पाण्याची १.००० धरून) ०.००१ ने उतरली की बिअरच्या आकारमानाच्या सुमारे निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बाटल्या भरल्यावर १.०१२ ची १.००६ झाली, तर बिअरच्या आकारमानाच्या नेहमीच्या अडीच पट वायूत आणखी तीन पटींची भर पडते आणि काच फुटू शकते. म्हणून संशयित घाणा भरण्याची घाई करू नये. तीन-चार दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरचे (घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीचे) दोन-तीन आकडे घ्यावेत. ते सरकत असतील तर थांबावे. भरलेल्या बाटल्या फसफसू लागल्या असतील तर डोळ्यांवर चष्मा व हातांत जाड मोजे घालून त्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात, गार झाल्यावर फडक्याखाली हळूहळू वायू सोडावा.

काचेचे व स्टीलचे भांडे आधी घासून, मग निर्जंतुक करून परत वापरता येते. क्रम महत्त्वाचा: चिकटलेल्या मळाखाली औषध पोचत नाही. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. ओरखडे पडलेली प्लास्टिकची बादली, रबरी नळी व तोटीचे वायसर मात्र टाकून द्यावेत. पुष्कळ जण बादली बदलतात आणि तोटी तीच ठेवतात. पुढचा घाणाही मग आंबट निघतो.