व्हिडिओ परफॉर्मन्स (स्वतःच्याच फिल्ममध्ये स्वतः काम करणं)

कलाकार स्वतःच कॅमेरा लावतो, स्वतःच त्याच्यासमोर उभा राहतो, त्या कलाप्रकाराला व्हिडिओ परफॉर्मन्स म्हणतात. हिरोच डायरेक्टर असलेला सिनेमा यात धरत नाहीत, तिथं गोष्ट असते, पात्र असतं, इथं कलाकाराचं शरीर हेच सगळं सामान.

सुरुवात कधी झाली यावर वाद आहे. नेहमी सांगतात ते असं की नाम जून पाइक या कोरियन-अमेरिकन कलाकारानं ४ ऑक्टोबर १९६५ ला सोनीच्या नव्याकोऱ्या पोर्टापॅकवर (सोबत नेता येणारा व्हिडिओ कॅमेरा आणि रेकॉर्डर) पोप सहावे पॉल यांच्या न्यूयॉर्क भेटीचं शूटिंग केलं आणि त्याच रात्री एका कॅफेत दाखवलं. पण खांद्याला अडकवून फिरता येईल असा पोर्टापॅक बाजारात आला १९६७ च्या सुमारास, मग ६५ साली पाइककडे होतं काय? ते प्लगवर चालणारं सोनीचंच दुसरं मशीन असावं असं काही अभ्यासक म्हणतात आणि तेच जास्त पटतं. त्याच वर्षी अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलनंही व्हिडिओ वापरलेला. शिवाय पोपच्या टेपमध्ये पाइक स्वतः परफॉर्मर नाहीच, त्यामुळं या प्रकाराची सुरुवात अमेरिकन कलाकार ब्रूस नॉमनच्या १९६७-६८ च्या स्टुडिओतल्या कामांपासून धरलेली बरी. त्यातली आधीची फिल्मवर आहेत, व्हिडिओ नंतर आला.

व्हिडिओनं फरक काय पडला? फिल्म लॅबमधून धुऊन येईपर्यंत काही दिसायचं नाही, व्हिडिओत कॅमेरा मॉनिटरला जोडला की आपण आपल्याला त्याच क्षणी दिसतो. सुरुवातीच्या पोर्टापॅकवर मात्र नुसतं रेकॉर्डिंग व्हायचं, टेप त्यावर परत बघता यायची नाही, तेही ब्लॅक अँड व्हाइट, वीसेक मिनिटांची रीळ, आणि ती हातानं गुंडाळून मागं घ्यायची.

अमेरिकन कलाकार व्हिटो अकोन्चीनं १९७१ मध्ये मॉनिटरमधल्या स्वतःच्या प्रतिमेच्या बरोबर मध्यावर वीसेक मिनिटं बोट रोखून धरलं. हेच काम धरून कलासमीक्षक रोझलिंड क्राउसनं १९७६ च्या लेखात व्हिडिओचा स्वभावच आत्ममग्न आहे असं मांडलं. लेख फार गाजला, पण मार्था रोझलर या कलाकाराच्या १९७५ च्या व्हिडिओला तो लागू पडत नाही. ती एबीसीडीच्या क्रमानं स्वयंपाकघरातली एकेक वस्तू उचलून आपटत, हवेत भोसकत दाखवते आणि तिची नजर थेट बघणाऱ्यावर आहे, आरशात नाही.

भारतात नव्वदच्या दशकाच्या शेवटी सोनिया खुरानाचं ‘बर्ड’ (१९९९) आलं, त्यात ती पुन्हा पुन्हा उडायला बघते आणि पडते. अंगाला शेण माखलेल्या सुबोध गुप्ताचा व्हिडिओही साधारण त्याच काळातला.

सांगलीकरांना हे फार परकं वाटू नये. ५ नोव्हेंबर १८४३ ला इथं विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ झालं, त्यात सूत्रधार नाटकाबाहेरचाही आणि आतलाही, पात्रांची पदं तोच गायचा. थेट नातं जोडता येत नाही, पण खेळ चालवणाराच खेळात उभा, हे इथल्या प्रेक्षकाला तेव्हापासून माहितीये.

आज कृष्णेच्या घाटावर, मागं आयर्विन पूल येईल असा मोबाईल विटेला टेकवून कुणी रेकॉर्डिंग करत असेल तर त्याचे डोळे बघावेत. सेल्फी कॅमेरा असला की नजर लेन्सवरून घसरून स्क्रीनवरच्या स्वतःच्या चेहऱ्यावर जाते, आणि रेकॉर्डिंगमध्ये तो जरा बाजूला बघतोय असं दिसतं. मागच्या कॅमेऱ्यानं घेतलं तर असं होत नाही, पण मग डोकं फ्रेमबाहेर गेलंय का ते टेक संपल्यावरच कळतं.