डावा आयडियल आणि दुहेरी आयडियल: एका शब्दात दडलेली दोन कामं

पूर्णांकांमधल्या ६ च्या पटींचा संच घ्या. हा संच दोन वेगळी कामं करतो. पहिलं असं: ६ च्या पटीला हव्या त्या पूर्णांकाने गुणा, उत्तर पुन्हा ६ ची पटच येते. पूर्णांक या संचावर गुणाकार चालवतात आणि संच आपल्या जागी टिकून राहतो. म्हणजे हा पूर्णांकांवरचा एक मॉड्यूल झाला. दुसरं काम असं: ६ च्या सगळ्या पटी शून्य मानल्या, तर ० ते ५ एवढे शेष उरतात. त्या शेषांची बेरीज करता येते, गुणाकारही करता येतो. म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार चालणारी एक नवी रचना, एक नवी रिंग हाती येते.

दोन्ही कामं एकच संच करतो, म्हणून आपण त्याला ‘आयडियल’ हे एकच नाव देतो आणि पुढे जातो. शाळेत पाठ केलेला गुणाकाराचा क्रमनिरपेक्ष गुणधर्म (अ×ब आणि ब×अ सारखेच) इथे न सांगता मदत करत असतो. तो काढून घेतला की ही कामं एकमेकांपासून सुटी होतात. पहिलं डाव्या आयडियलकडे जातं, दुसरं दुहेरी आयडियलकडे. क्रमनिरपेक्ष नसलेल्या रिंग शिकताना जे घोळ होतात, त्यांतले बहुतेक ही वाटणी लक्षात न राहिल्यामुळे होतात, असं माझं इतकी वर्षं शिकवून झालेलं ठाम मत आहे.

वर्गात आपण लेफ्ट, राइट, टू-सायडेड असंच बोलतो. इथे मी डावा, उजवा, दुहेरी म्हणेन. ज्या संचात घटकांची बेरीज-वजाबाकी आतच राहते, आणि रिंगमधल्या कोणत्याही घटकाने डावीकडून गुणलं तरी उत्तर आतच राहतं, तो डावा आयडियल. उजवीकडून गुणून आत राहत असेल तर उजवा. दोन्हीकडून राहत असेल तर दुहेरी. आयडियलची कल्पना डेडेकिंडने १८७१ मध्ये मांडली, पण ती संख्यांच्या, म्हणजे क्रमनिरपेक्ष जगातली होती. डावं-उजवं वेगळं करून पाहण्याचं काम एमी नोएथर आणि वेर्नर श्मायडलर यांनी १९२० च्या निबंधात केलं. त्यांच्यासमोर डिफरेन्शियल ऑपरेटर, म्हणजे फलांवर डेरिव्हेटिव्ह काढण्यासारख्या क्रिया, होते, आणि ते का, हे थोड्या वेळात दिसेल.

आधी मॅट्रिक्स. वास्तव संख्यांच्या २×२ मॅट्रिक्सची रिंग घ्या, आणि तिच्यातल्या ज्या मॅट्रिक्सचा दुसरा स्तंभ पूर्ण शून्य आहे त्यांचा संच. त्याला ‘ल’ म्हणू. डावीकडून गुणताना प्रत्येक स्तंभावर स्वतंत्रपणे क्रिया होते, आणि शून्य स्तंभ शून्यच राहतो. म्हणून ‘ल’ हा डावा आयडियल. आता ‘ल’ला शून्य मानून नवी रिंग बनवता येते का, ते हाताने करून पाहू. ‘ल’ शून्य मानायचा म्हणजे ज्यांचा दुसरा स्तंभ सारखा, त्या दोन मॅट्रिक्स एकच समजायच्या. तेव्हा ही मॅट्रिक्स

[ १ ० ]
[ ० ० ]

शून्य मॅट्रिक्सशी एकरूप मानावी लागेल, कारण दोघींचा दुसरा स्तंभ शून्य आहे. दोघींनाही उजवीकडून हिने गुणा:

[ ० १ ]
[ ० ० ]

शून्य मॅट्रिक्सचा गुणाकार शून्यच. पहिलीचा गुणाकार मात्र हीच उजवीकडची मॅट्रिक्स येतो, आणि तिचा दुसरा स्तंभ (१, ०) आहे, शून्य नाही. ज्या दोघी एकच मानल्या होत्या त्यांची उत्तरं वेगळी निघाली. म्हणजे ‘गुणाकार’ असं काही ठरवताच येत नाही, आणि रिंग बनण्याचा प्रश्नच मिटतो.

उरतं ते मात्र फुकट जात नाही. ‘ल’ शून्य मानल्यावर प्रत्येक मॅट्रिक्सची ओळख म्हणून फक्त तिचा दुसरा स्तंभ उरतो, म्हणजे दोन संख्यांचा एक उभा सदिश. त्या सदिशांची बेरीज होते, आणि त्यांना डावीकडून मॅट्रिक्सने गुणताही येतं. हा रिंगवरचा डावा मॉड्यूल आहे. डाव्या आयडियलने भागलं की मॉड्यूल मिळतो, दुहेरीने भागलं की रिंग मिळते. विद्यार्थ्यांना मी सांगते की हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता त्याच रिंगमध्ये दुहेरी आयडियल शोधू. शून्य नसलेली कुठलीही मॅट्रिक्स आत घ्या, समजा ही:

[ ० ० ]
[ ५ ३ ]

मला खालच्या कोपऱ्यातला ३ वर डाव्या कोपऱ्यात आणायचा आहे. डावीकडून योग्य मॅट्रिक्सने गुणलं की दुसरी ओळ पहिल्या ओळीच्या जागी जाते आणि बाकी सगळं पुसलं जातं. मग उजवीकडून गुणलं की दुसरा स्तंभ पहिल्याच्या जागी येतो. उरतो फक्त ३, वरच्या डाव्या कोपऱ्यात. त्याला १/३ ने गुणलं की तिथे १ येतो. असाच १ खालच्या उजव्या कोपऱ्यातही आणता येतो, आणि दोघांची बेरीज म्हणजे एकक मॅट्रिक्स. एकक मॅट्रिक्स आत आली की सगळी रिंगच आत आली. म्हणून इथे दुहेरी आयडियल दोनच: फक्त शून्य, आणि अख्खी रिंग. डावे आयडियल मात्र अनंत आहेत. प्रतलात आरंभबिंदूतून जाणारी कुठलीही रेषा घ्या. त्या रेषेवरच्या सदिशांना शून्य करणाऱ्या सगळ्या मॅट्रिक्स मिळून एक डावा आयडियल होतो, आणि जितक्या रेषा तितके असे आयडियल. वरचा ‘ल’ हा (०, १) या सदिशाच्या रेषेचा.

डावीकडचा गुणाकार ओळी हलवतो, उजवीकडचा स्तंभ. एकच हात मोकळा असेल तर अर्धंच काम होतं. हे एकदा कागदावर स्वतः करून पाहिलं की डावा-उजवा फरक पाठ करावा लागत नाही.

या उदाहरणात दोन्ही आयडियलांचं मूळही दिसतं. मॉड्यूलमधला एकच घटक घ्या आणि त्याला शून्य करणारे रिंगमधले सगळे घटक गोळा करा. हा डावा आयडियल होतो. संपूर्ण मॉड्यूलला, त्यातल्या प्रत्येक घटकाला, शून्य करणारे घटक गोळा केले तर होतो दुहेरी आयडियल. कारण साधं आहे. ‘अ’ने एका घटकाला शून्य केलं, तर ‘ब गुणिले अ’ही त्याला शून्य करेल, कारण आधी ‘अ’ लागतो. पण ‘अ गुणिले ब’मध्ये आधी ‘ब’ लागतो, आणि तो त्या घटकाला दुसरीकडे नेतो. तिथे ‘अ’ने काही करण्याची हमी नाही. संपूर्ण मॉड्यूलच शून्य होत असेल तर ‘ब’ने कुठेही नेलं तरी बिघडत नाही.

नोएथर आणि श्मायडलर यांच्यासमोरचे डिफरेन्शियल ऑपरेटर इथे उपयोगी पडतात. ‘क्ष’ने गुणणं आणि ‘क्ष’च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह काढणं या दोन क्रियांनी तयार होणारी रिंग घ्या. डेरिव्हेटिव्हच्या क्रियेला ‘द’ म्हणू. या रिंगमध्ये दक्ष − क्षद = १. ई चा घात २क्ष हे फल ‘द − २’ या ऑपरेटरने शून्य होतं, कारण त्याचा डेरिव्हेटिव्ह त्याच्या दुप्पट आहे. ‘द − २’ला डावीकडून कशानेही गुणा, फल शून्यच होणार. पण उजवीकडून ‘क्ष’ने गुणून पाहा. आधी फलाला ‘क्ष’ने गुणायचं, मग ‘द − २’ लावायचा. गुणाकाराच्या नियमाने डेरिव्हेटिव्ह काढला की दोन पदं कापली जातात आणि मूळचं ई चा घात २क्ष जसंच्या तसं समोर उभं राहतं. शून्य नाही. समीकरणाचं उत्तर असलेलं फल आणि ते शून्य करणारे ऑपरेटर यांचं नातं हे असं मुळातच एकतर्फी आहे. ‘उजवीकडून का चालत नाही’ याचं मला आवडणारं उत्तर हेच आहे.

आणि या रिंगलाही, म्हणजे वाइल अल्जिब्राला, शून्य आणि स्वतः यांच्याखेरीज दुहेरी आयडियल नाहीत. कोणताही शून्य नसलेला घटक ‘क्ष’च्या डावीकडे आणि उजवीकडे ठेवून वजाबाकी केली की ‘द’चा घात एकाने उतरतो. ‘द’बरोबर तसंच केलं की ‘क्ष’चा घात उतरतो. उतरत उतरत शेवटी शून्येतर संख्या उरते. डावे आयडियल मात्र इथे भरपूर, आणि १९७८ मध्ये स्टॅफर्डने दाखवलं की त्यांतला प्रत्येक जास्तीत जास्त दोन घटकांनी तयार होतो.

उत्तरपत्रिका तपासताना दर वर्षी भेटणाऱ्या एका चुकीकडे आता वळते. एका घटकाने, ‘अ’ने, तयार होणारा डावा आयडियल लिहिणं सोपं: सगळे ‘र अ’. त्याच चालीवर दुहेरी आयडियल म्हणून सगळे ‘र अ स’ लिहिले जातात आणि तिथेच थांबलं जातं. पण ‘र अ + र′ अ’मध्ये ‘अ’ सामाईक काढता येतो, ‘र अ स + र′ अ स′’मध्ये काढता येत नाही. फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात १ असलेली मॅट्रिक्स ‘अ’ म्हणून घेतली, तर ‘र अ स’ या रूपातल्या प्रत्येक मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य असतो. तरीही अशा दोन मॅट्रिक्सची बेरीज एकक मॅट्रिक्स होऊ शकते, तिचा निश्चयक १. म्हणून दुहेरी आयडियलमध्ये अशा गुणाकारांच्या सांत बेरजा घ्याव्याच लागतात. चूक लहान वाटते, पण पुढची सिद्धता तिच्यावर कोसळते.

‘सिंपल रिंग’ या नावानेही असाच गोंधळ होतो. शून्य आणि स्वतः सोडून दुहेरी आयडियल नसलेली रिंग ती सिंपल. क्रमनिरपेक्ष जगात अशी रिंग म्हणजे फील्डच, प्रत्येक शून्येतर घटकाला व्यस्त. ती सवय घेऊन पुढे गेलं की मॅट्रिक्स रिंग सिंपल आहे हे ऐकून धक्का बसतो, कारण तिच्यात व्यस्त नसलेल्या मॅट्रिक्स पुष्कळ. प्रत्येक शून्येतर घटकाला व्यस्त मिळायचा असेल तर डावे आयडियलही दोनच असावे लागतात. हॅमिल्टनला १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमधल्या ब्रूम पुलाजवळ सुचलेल्या क्वाटर्नियन्समध्ये (आय, जे, के ही तीन एककं असलेल्या, गुणाकारात क्रम महत्त्वाचा असलेल्या संख्यांमध्ये) तसंच आहे. वेडरबर्न आणि आर्टिन यांच्या नावाच्या प्रमेयात तर दोन्ही शब्द शेजारी येतात: रिंग सिंपल असेल, आणि तिच्यातल्या डाव्या आयडियलांची प्रत्येक उतरती साखळी कुठेतरी थांबत असेल, तर ती रिंग म्हणजे एखाद्या डिव्हिजन रिंगवरच्या (जिच्यात प्रत्येक शून्येतर घटकाला व्यस्त असतो अशा रिंगवरच्या) मॅट्रिक्स. पहिल्या अटीत दुहेरी, दुसऱ्या अटीत डावा. दोन्हीकडे नुसतं ‘आयडियल’ वाचलं तर प्रमेय हाती लागत नाही. वाइल अल्जिब्रा पहिली अट पाळते, दुसरी नाही.

डावा आणि उजवा हे एकमेकांचे आरसे आहेत असं म्हणतात, पण एकाच रिंगमध्ये दोन्ही बाजूंचं चित्र सारखं असेलच असं नाही. ज्यांच्या वरच्या ओळीत एक पूर्णांक आणि एक परिमेय संख्या, आणि खालच्या ओळीत शून्य आणि एक परिमेय संख्या, अशा मॅट्रिक्स घ्या. वरच्या उजव्या कोपऱ्यावर डावीकडून पूर्णांकच काम करतात, उजवीकडून परिमेय संख्या. म्हणून डावीकडून पूर्णांक, मग १/२ च्या पटी, मग १/४ च्या पटी अशी न थांबणारी चढती साखळी मिळते. उजवीकडून त्या कोपऱ्यात शून्य किंवा सगळं, एवढेच पर्याय. ही रिंग उजवीकडून नोएथेरियन आहे, म्हणजे उजव्या आयडियलांची प्रत्येक चढती साखळी थांबते; डावीकडून नाही.

एका ठिकाणी मात्र दोन्ही बाजू येऊन मिळतात. सगळ्या मॅक्सिमल (अख्ख्या रिंगहून लहान, पण ज्याच्यापेक्षा मोठा तसा दुसरा नाही अशा) डाव्या आयडियलांचा छेद घेतला तर तो दुहेरी निघतो, आणि मॅक्सिमल उजव्या आयडियलांचा छेदही हाच येतो. हा जेकबसन रॅडिकल. दुहेरीपण कुठून आलं ते वर सांगितलेल्या गोष्टीवरून कळतं: हा छेद म्हणजे सगळ्या सिंपल डाव्या मॉड्यूलना (ज्यांच्या आत शून्य आणि स्वतः सोडून दुसरा मॉड्यूल नाही अशांना) पूर्णपणे शून्य करणारे घटक. सुट्या घटकांना शून्य करणारे संच एकत्र छेदले की अख्ख्या मॉड्यूलना शून्य करणारा संच मिळतो.

शेवटचं उदाहरण मुंबईशी जोडलेलं आहे. फील्डवरच्या पॉलिनॉमियल रिंगमध्ये प्रत्येक सांत-जनित (मोजक्या घटकांनी तयार होणारा) प्रोजेक्टिव्ह मॉड्यूल (ज्याला दुसरा एखादा मॉड्यूल जोडला की रिंगच्या प्रती मिळतात) फ्री (स्वतःच रिंगच्या प्रतींनी बनलेला) असतो, हे क्विलन आणि सुस्लिन यांनी १९७६ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केलं. त्याआधीच, १९७१ मध्ये, मॅन्युएल ओहांगुरेन आणि टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधले आर. श्रीधरन यांनी दाखवलं होतं की फील्डच्या जागी क्रमनिरपेक्ष नसलेली डिव्हिजन रिंग घेतली आणि दोन चलं असली, तर हे खरं राहत नाही. क्वाटर्नियन्स सहगुणक घ्या, आणि चलं ‘क्ष’ व ‘य’ सगळ्यांशी जागा बदलू शकतात असं माना. (क्ष + आय)(य + जे) मधून (य + जे)(क्ष + आय) वजा करा. बाकी सगळं कापलं जातं, उरतं आय·जे − जे·आय, म्हणजे २के, आणि त्याला व्यस्त आहे. आता ज्या पॉलिनॉमियलना उजवीकडून (क्ष + आय)ने गुणलं की (य + जे)ची डावी पट मिळते, ती सगळी गोळा करा. हा डावा आयडियल प्रोजेक्टिव्ह आहे. त्याला रिंगची एक प्रत जोडली की रिंगच्या दोन प्रती मिळतात, पण तो स्वतः रिंगची एक प्रत नाही, म्हणजे फ्री नाही. या रिंगमधले दुहेरी आयडियल सगळे वास्तव सहगुणकांच्या पॉलिनॉमियलमधल्या आयडियलांपासूनच येतात. त्यामुळे तो दुहेरी असता, तर एका वास्तव पॉलिनॉमियलच्या पटींचा संच निघाला असता, आणि फ्री ठरला असता.