डिगॉक्सिन देण्याआधी नाडी का मोजायची?

नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध देण्याआधी काय कराल? उत्तरही हमखास येतं. 'नाडी मोजू. प्रौढ रुग्णाची ६०च्या खाली असेल तर गोळी थांबवू, डॉक्टरांना कळवू.' पूर्ण गुण. पण पुढे 'का?' असं विचारलं की बरेच जण छताकडे बघू लागतात. मला मात्र तो 'का'च आवडतो.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पाठ केलेली पंचसूत्री गोळी तोंडात गेली की संपते. डिगॉक्सिनची खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

आपल्या पेशींच्या आवरणात एक पंप असतो. प्रत्येक फेरीत तो ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये तो उजेडात आणला आणि त्यासाठी १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. डिगॉक्सिन या पंपाच्या बाहेरच्या अंगाला चिकटतं आणि त्याला अडवतं. हृदयाच्या स्नायूपेशीत मग सोडियम साचू लागतं. तिथेच शेजारी दुसरी देवाणघेवाण चालू असते: ३ सोडियम आत येतात, त्या ओघावर १ कॅल्शियम बाहेर ढकललं जातं. आत आधीच सोडियम जास्त झालं की हा ओघ मंदावतो आणि कॅल्शियम आतच राहतं. स्नायू आकसतो तो कॅल्शियममुळे, म्हणून थकलेलं हृदय जोरात आकुंचन पावतं. हा झाला औषधाचा गुण. कॅल्शियम फारच साचलं, तर त्याच पेशी नको त्या वेळी आपणहून ठोका टाकू लागतात. हा झाला दोष. गुण आणि दोष दोन्ही एकाच पंपातून आले आहेत. शिवाय हे औषध व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली येणारा विद्युत संदेश मंद करतं. नाडी उतरते ती मुख्यतः यामुळे.

आता पोटॅशियमकडे या. बाहेरचं पोटॅशियम पंपाला चिकटलं की पंपाचा आकार बदलतो आणि त्या आकारात डिगॉक्सिनला नीट बसता येत नाही. म्हणजे दोघांची जागेसाठी चढाओढ असते. रक्तातलं पोटॅशियम (एरवी दर लिटरला ३.५ ते ५ मिलिमोल) घटलं की डिगॉक्सिनला मैदान मोकळं मिळतं. गोळी तीच, रक्तातली पातळीही तीच, पण विषबाधा सुरू. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाला बऱ्याचदा सोबत फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध चालू असतं आणि ते लघवीवाटे पोटॅशियम घालवतं. औषधांचा तक्ता वाचताना ही दोन नावं एकत्र दिसली की पोटॅशियमचा शेवटचा रिपोर्ट शोधायचाच.

एकदम मोठा डोस गेला तर चित्र उलटं दिसतं. शरीरभरचे पंप अडल्यामुळे पोटॅशियम आत जाऊ शकत नाही आणि रक्तात ते चढतं. इथे गोंधळायला होतं, हे कबूल.

या औषधात सुरक्षित आणि घातक यांच्यातलं अंतर फार कमी असतं. हृदय कमकुवत असताना रक्तातली पातळी साधारण ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम प्रति मिली ठेवतात, २च्या वर धोका ठळक होतो. रक्त डोसनंतर किमान ६ तासांनी घ्यायचं, नाहीतर आकडा फसवा येतो. मूत्रपिंडं धड असली तरी निम्मं औषध बाहेर पडायला ३६ ते ४८ तास लागतात, बिघडलेली असली तर कितीतरी जास्त. ०.२५ मिलिग्रॅमचा डोस लिहिताना टिंबाआधीचं शून्य गाळलं आणि टिंब पुसट झालं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

'वनस्पतीचं आहे, साइड इफेक्ट नाहीत' म्हणणाऱ्यांसाठी: डिगॉक्सिन फॉक्सग्लोव्ह या विषारी फुलझाडाच्या कुळातल्या झाडाच्या पानांतून येतं. विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ मध्येच फॉक्सग्लोव्हचे गुण आणि विषारीपणा दोन्ही लिहून ठेवले होते. कण्हेरीतही याच जातीचं विष असतं. आणि निरुपद्रवी समजलं जाणारं ज्येष्ठमध रोज भरपूर खाल्लं तर पोटॅशियम उतरतं. म्हणून रुग्णाला 'आणखी काही घेता का?' हा प्रश्न काढे आणि चूर्णांसकट विचारायचा.

विषबाधेची सुरुवात अनेकदा हृदयात दिसतच नाही. आजोबा जेवण नको म्हणतात, मळमळतं म्हणतात, क्वचित सगळं पिवळसर दिसतंय म्हणतात. 'वयामुळे' अशी नोंद होते आणि गोळी चालू राहते. उलट्या झाल्या की पोटॅशियम आणखी घटतं.

नाडी मनगटावर १५ सेकंद मोजून ४ने गुणायची नाही. स्टेथोस्कोप छातीवर, हृदयाच्या टोकाशी ठेवून पूर्ण १ मिनिट मोजायची, कारण ठोके अनियमित असतात आणि अशक्त ठोके मनगटापर्यंत पोहोचतही नाहीत. आकड्याइतकंच लयीकडे लक्ष हवं. एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे वरचे कप्पे लय सोडून थरथरतात त्या आजाराच्या) रुग्णाची नाडी नेहमी वेडीवाकडी असते. एके सकाळी ती अचानक संथ आणि घड्याळासारखी एकसारखी लागली, तर रुग्ण सुधारला असं वाटतं. प्रत्यक्षात वरून येणारा संदेश पुरता अडला असेल आणि हृदयाचा खालचा भाग आपल्या आपण ठोके देत असेल. अशा वेळी ईसीजी काढून डॉक्टरांनी बघेपर्यंत गोळी ट्रॉलीवरच राहू द्यायची, आकडा ६२ असला तरी.