गाळ खाली बसायला किती वेळ लागतो?

“पाच हजार मीटर खाली काळोख आणि चिखल, तिथे बिघडायला आहेच काय?” खोल समुद्रातल्या खाणकामाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. बिघडतं ते या चिखलामुळेच.

१९८१ च्या २६ जानेवारीला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने भारतासाठी मँगनीजचे पहिले गोटे समुद्रतळावरून वर आणले. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा शोधकार्यासाठी भारताकडे आहे. बटाट्याएवढ्या या गोट्यांत मँगनीजसोबत निकेल, तांबं आणि कोबाल्ट असतं. गोटा दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो.

तो उचलायला रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं यंत्र तळावर फिरतं आणि गोट्यांबरोबर वरचा मऊ गाळही ओढून घेतं. हा गाळ मागे सोडला की त्याचा ढग उठतो. आता द्रवात बारीक कण किती वेगाने बुडतात ते सांगणारा स्टोक्सचा नियम लावू: कणाचा व्यास निम्मा झाला, की बुडण्याचा वेग चौथाई होतो. तळाच्या थंड पाण्यात १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मातीचा कण २ मीटर उतरायला साधारण १० तास घेतो. १ मायक्रॉनच्या कणाला शंभरपट वेळ लागतो, म्हणजे सुमारे सहा आठवडे! सेकंदाला ३ सेंटिमीटर सरकणारा संथ प्रवाहही तेवढ्यात त्याला शंभर किलोमीटरपलीकडे नेतो. प्रत्यक्षात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि लवकर बसतात. गाळ दाट असेल, तर तो जड द्रवासारखा तळालगत उताराकडे वाहतो.

२०२१ मध्ये प्रशांत महासागरात ‘पटानिया २’ या यंत्राच्या चाचणीत हेच मोजलं गेलं. उपसलेला ९२ ते ९८ टक्के गाळ तळापासून २ मीटरच्या आतच राहिला. कंपन्यांना हा आकडा आवडतो. पण स्पंज, प्रवाळ, समुद्रकाकड्या राहतात त्या याच दोन मीटरांत, आणि पाणी गाळून खाणाऱ्या स्पंजाची छिद्रं गाळाने बुजतात. शिवाय स्पंजाला रुजायला कठीण पृष्ठभाग हवा, आणि चिखलाच्या त्या मैदानात तो गोट्यांखेरीज क्वचितच मिळतो. एक फिकट ऑक्टोपस तर गोट्यावरच्या मेलेल्या स्पंजाच्या देठावर अंडी घालतो.

(गोटे प्राणवायू तयार करतात, ही २०२४ ची गाजलेली बातमी मात्र जपून वाचावी. त्या मोजणीवर इतर शास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत.)

पेरू देशाजवळच्या समुद्रातल्या खोऱ्यात १९८९ मध्ये प्रयोग म्हणून तळ नांगरला होता. २६ वर्षांनी तिथे कॅमेरे उतरवले, तेव्हा चऱ्या तशाच दिसल्या आणि सूक्ष्मजीवांचं कामही मंदावलेलंच होतं. तिथे तर गोटे उचललेही नव्हते, फक्त चिखलात गाडले गेले होते.