शब्द वाचू नका, रंग सांगा

कागदावर 'लाल' हा शब्द हिरव्या शाईने छापलेला आहे. तो वाचायचा नाही, शाईचा रंग तेवढा सांगायचा: हिरवा. पहिले चारपाच शब्द जमतात, मग जीभ अडखळायला लागते. हा 'स्ट्रूप परिणाम' मानसशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडतो. पण ज्या निबंधातून तो आला, त्यात एकूण तीन प्रयोग आहेत आणि सांगितला जातो तो फक्त मधला. पहिला आणि तिसरा गाळले जातात, आणि खरी मेख नेमकी त्या दोघांत आहे.

जॉन रिडली स्ट्रूप हे अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचे. नॅशव्हिलच्या जॉर्ज पीबॉडी कॉलेजात त्यांनी डॉक्टरेटसाठी हे काम केलं आणि डिसेंबर १९३५मध्ये ते 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल सायकॉलॉजी'त छापून आलं. पुढे त्यांचा ओढा बायबलकडे राहिला. नॅशव्हिलमध्येच डेव्हिड लिप्स्कम कॉलेजात त्यांनी शिकवलं, धार्मिक पुस्तकं लिहिली आणि १९७३मध्ये त्यांचं निधन झालं. आपल्या निबंधाचं पुढे काय झालं याची त्यांनी फारशी दखल घेतली नाही.

मूळ प्रश्न त्यांचा नव्हता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकीन कॅटेल यांनी जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करताना १८८६मध्ये दाखवून दिलं होतं, की 'लाल' हा शब्द वाचायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ लाल रंग पाहून त्याचं नाव घ्यायला लागतो. त्यांचं स्पष्टीकरण असं: शब्द पाहून उच्चारायचा सराव इतका झालेला असतो की ते आपोआप घडतं, रंगाचं नाव मात्र प्रयत्न करून शोधावं लागतं. शब्द आणि रंग एकमेकांच्या विरुद्ध ठेवायची कल्पनाही जर्मनीत येन्श यांनी १९२९मध्ये छापली होती. स्ट्रूप यांचं श्रेय वेगळं आहे. कशाची कशाशी तुलना करायची, हे त्यांनी नीट ठरवलं.

पहिल्या प्रयोगात ७० विद्यार्थी होते. त्यांनी शंभर रंगनावं आधी काळ्या शाईत आणि मग चुकीच्या रंगांच्या शाईत *वाचली*. काळ्या शाईत सरासरी ४१ सेकंद लागले, रंगीत शाईत ४३.३. म्हणजे शाईच्या रंगाने वाचनाला जेमतेम २.३ सेकंदांचा अडथळा केला. हा फरक भरवशाचा मानण्याएवढा मोठा नव्हता.

दुसरा प्रयोग १०० विद्यार्थ्यांवर. आता वाचायचं नाही, रंग सांगायचा. साधे रंगीत चौकोन असताना शंभर रंगांना ६३.३ सेकंद लागले. चौकोनांच्या जागी विसंगत शब्द आले, तेव्हा ११०.३. वाढ ४७ सेकंदांची, म्हणजे सुमारे ७४ टक्के. शब्द रंगाच्या आड येतो, रंग शब्दाच्या आड येत नाही. हा एकतर्फीपणा पहिल्या प्रयोगाशिवाय कळलाच नसता.

तक्त्यांची आखणी बघण्यासारखी आहे. लाल, निळा, हिरवा, तपकिरी आणि जांभळा असे पाच रंग; दहा ओळी, दहा रकाने; प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात प्रत्येक रंग दोनदा; लागोपाठ तोच रंग कुठेही नाही; आणि प्रत्येक शब्द उरलेल्या चारही शायांत सारख्याच वेळा. तिसऱ्या प्रयोगासाठी त्यांनी चौकोनही बदलले. भरीव चौकोनातला रंग गडद दिसतो, तोच रंग अक्षरांच्या बारीक रेषांत फिका वाटतो, मग तुलना बरोबरीची राहत नाही. म्हणून भुजांमध्ये पांढरी जागा सुटेल असं चिन्ह त्यांनी घेतलं: स्वस्तिक. १९३५ साली अमेरिकेतल्या छापखान्यात ही निव्वळ शाईच्या छटेची सोय होती.

तिसरा प्रयोग ३२ जणांवर झाला, आणि सगळ्यांत रंजक तोच. आठ दिवस त्यांच्याकडून विसंगत शब्दांचे रंग सांगण्याचा सराव करून घेतला. पन्नास शब्दांच्या तक्त्याला लागणारा वेळ ४९.६ सेकंदांवरून ३२.८वर आला. मग त्यांना पुन्हा वाचायला लावलं. सरावाआधी ज्या तक्त्याला १९.४ सेकंद लागत होते, त्यालाच आता ३४.८ लागले. पारडं फिरलं होतं, आता रंग वाचनात लुडबुड करत होता. दुसऱ्या फेरीत मात्र ही अडचण ओसरली आणि वेळ २२ सेकंदांवर आला. आयुष्यभराच्या वाचनापुढे आठ दिवसांचा सराव टिकला नाही, पण त्याने काही काळ का होईना दिशा बदलून दाखवली.

मराठीत हा प्रयोग करून पाहायचा असेल, तर आधी रंग निवडतानाच घोळ होतो. 'केशरी' दिसला की कुणी नारंगी म्हणतं, कुणी भगवा, कुणी ऑरेंज. 'तपकिरी'चं चॉकलेटी होतं. नाव शोधण्यातच वेळ गेला तर अडथळा मोजताच येत नाही. पिवळं स्केचपेन पांढऱ्या कागदावर दिसत नाही. लाल, हिरवा, निळा आणि गुलाबी हे चार बरे. प्रत्येक शब्द उरलेल्या तीन रंगांत लिहिला की १२ जोड्या होतात. प्रत्येक जोडी चारदा घेतली की ४८ शब्द, सहा-सहाच्या आठ ओळी. लागोपाठ तोच रंग येऊ द्यायचा नाही. आणखी एक खाच आहे, ती घरगुती तक्त्यांत हमखास राहून जाते: आधी दुर्लक्षिलेला शब्द हाच पुढच्या शाईचा रंग असेल, तर उत्तर आणखी लांबतं. निळ्या शाईतल्या 'हिरवा'नंतर लगेच हिरव्या शाईतला शब्द ठेवू नये, किंवा ठेवायचा तर जाणूनबुजून.

तीन कागद लागतात. अ: पेन्सिलीने लिहिलेले ४८ शब्द, वाचायला. ब: त्याच चार रंगांचे ४८ ठिपके, रंग सांगायला. क: विसंगत शब्द, रंग सांगायला. शक्य तर क कागद एकदा नुसता वाचूनही घ्यावा. तो झाला स्ट्रूप यांचा पहिला प्रयोग. वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्यायची. चूक झाली तर सांगणाऱ्याने लगेच सुधारायची, घड्याळ थांबवायचं नाही. निम्म्या जणांना ब आधी द्यावा, निम्म्यांना क. नाहीतर सराव आणि कंटाळा दोन्ही एकाच कागदाच्या खात्यात जमा होतात. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांना यातून वगळावं.

उत्तर क वजा ब. क वजा अ नव्हे. इंटरनेटवरची बहुतेक प्रात्यक्षिकं इथेच घसरतात: काळे शब्द वाचायला लावतात, मग रंगीत शब्दांचे रंग सांगायला लावतात आणि सगळ्या फरकाला स्ट्रूप परिणाम म्हणतात. स्ट्रूप यांचेच आकडे घेतले तर ४१ आणि ६३.३ यांतले बावीस सेकंद नुसत्या रंगाचं नाव घेण्याचे आहेत. त्यांत अडथळ्याचा काही संबंध नाही.

लोक युक्त्याही काढतात. डोळे किलकिले केले की अक्षरं धूसर होतात आणि रंग तेवढा उरतो. देवनागरीत शिरोरेषेवरच नजर ठेवून पुढे सरकण्याचा मोह होतो. कागद हातभर अंतरावर धरून नजर पूर्ण शब्दावर ठेवायला सांगावं. ही नुसती फसवाफसवी नाही, त्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. १९९७मध्ये बेसनर आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण शब्दाऐवजी एकाच अक्षराला रंग दिला, तर अडथळा बराच घटला. वाचन जर खरोखर आपोआप आणि अटळपणे होत असेल, तर एका अक्षराच्या रंगाने त्यावर परिणाम का व्हावा?

हा निबंध तीसेक वर्षं जवळजवळ पडून होता. साठच्या दशकात लक्ष आणि माहितीप्रक्रिया हे विषय पुढे आले, तसा तो पुन्हा उघडला गेला. क्लाइन यांनी १९६४मध्ये रंगनावांच्या जागी दुसरे शब्द ठेवून पाहिले. निरर्थक अक्षरजुळणी सर्वांत कमी आड येते, मग अपरिचित शब्द, मग परिचित शब्द, मग 'लिंबू', 'गवत' असे रंगाची आठवण देणारे, आणि सर्वांत जास्त खुद्द रंगनावं. म्हणजे अडथळा नुसत्या अक्षरांचा नाही, अर्थाचाही आहे. प्रेस्टन आणि लॅम्बर्ट यांनी १९६९मध्ये द्विभाषिकांवर प्रयोग केले. शब्द एका भाषेत आणि उत्तर दुसऱ्या भाषेत असलं तरी अडथळा राहतो, एकाच भाषेइतका नसला तरी. आणि दोन भाषांतली रंगनावं दिसायला सारखी असतील तर तो वाढतो. या हिशेबाने 'निळा-नीला', 'हिरवा-हरा' असलेल्या मराठी-हिंदी जोडीत तो मराठी-इंग्रजीपेक्षा जास्त भरायला हवा.

बरीच वर्षं चाललेलं स्पष्टीकरण शर्यतीचं होतं: वाचन जलद, रंगाचं नाव संथ, जलद उत्तर आधी पोचतं आणि दार अडवतं. डनबार आणि मॅक्लाउड यांनी १९८४मध्ये शब्द उलटेसुलटे छापून वाचन मुद्दाम संथ केलं. अडथळा तरीही राहिला. मग १९८८मध्ये त्यांनी अनोळखी आकारांना रंगांची नावं दिली, ती लोकांना शिकवली आणि ते आकार वेगवेगळ्या रंगांत दाखवले. सुरुवातीला आकाराचं नाव सांगताना रंग आड यायचा. पाच दिवसांच्या सरावानंतर दोन्ही एकमेकांच्या आड येऊ लागले. वीस दिवसांनी उलटं झालं, आकारच रंगाच्या आड येऊ लागला. 'आपोआप' आणि 'प्रयत्नाने' असे दोन वेगळे कप्पे नसून सरावाबरोबर सरकत जाणारी एकच पट्टी आहे, हे यातून दिसलं. १९९०मध्ये कोहेन, डनबार आणि मॅक्लेलँड यांनी हेच संगणकावरच्या प्रतिमानात उतरवलं. स्ट्रूप यांच्या ३२ विद्यार्थ्यांनी याची चुणूक पाच दशकं आधी दाखवली होती. मॅक्लाउड यांनी १९९१च्या आढाव्यात सुमारे चारशे अभ्यास चाळून १८ पक्के निष्कर्ष काढले. त्यानंतर या निबंधाचं स्थान वादातीत झालं.

मेंदूविज्ञानात आणि रुग्णालयांतही हा तक्ता गेला. मेंदूच्या पुढच्या भागाची इजा किंवा स्मृतिभ्रंश तपासताना तो बाकीच्या चाचण्यांबरोबर, वय आणि शिक्षण लक्षात घेऊन वापरतात. मोबाइलवरची अॅप मात्र याच खेळावरून 'तुमची एकाग्रता' मोजून देतात, आणि ते टिकत नाही. हेज, पॉवेल आणि सम्नर यांनी २०१८मध्ये त्याच माणसांची चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा घेतली. अडथळा सरसकट सगळ्यांत दिसला, पण कुणाचा जास्त, कुणाचा कमी हा क्रम दोन्ही वेळी पुरेसा जुळला नाही. जो परिणाम जवळजवळ प्रत्येकात असतो, त्यात माणसामाणसांतला फरक मुळातच थोडा असतो. शिवाय ब आणि क या दोन्ही वेळांत त्या माणसाचा अंगचा संथपणा किंवा चपळपणा सारखाच मिसळलेला असतो. वजाबाकीत तो निघून जातो आणि उरलेल्या आकड्यात मोजणीतली चूक मोठा वाटा घेते.